पत्रास कारण की… : आडनाव, दाखला आणि भावकी

एप्रिल आला की या सदराकडे येणारा पत्रांचा गठ्ठा जाड होतो. वर्षभर ज्यांना जात आठवत नाही त्यांना ती १४ तारखेच्या आसपास आठवते. ज्यांना ती विसरूच दिली जात नाही, त्यांची पत्रे बारमाही असतात. नावे छापत नाही, गावेही मोघम ठेवली आहेत. नवीन वाचकांसाठी एवढेच सांगते की मी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मी वकील नाही. जे सांगते ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसून पाहिलेले आहे.

प्रश्न : जय भीम ताई. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बायकोही नोकरी करते. दिवाळीपासून भाड्याचे घर शोधतोय. फोनवर सगळे ठरते, मग एजंट ‘पूर्ण नाव पाठवा’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी घर ‘गेलेले’ असते. एकाने तर मेसेजवर सरळ विचारले, ‘कांबळे म्हणजे कोणते?’ बायको म्हणते, गावावरून ‘कर’ लावून टाकू आणि मालक येईल तेव्हा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत ठेवू. मला पटत नाही, पण घर तर हवे आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : बायकोवर चिडू नका. घर शोधून शोधून दमलेल्या माणसाला असे मार्ग सुचतातच. बाबासाहेब परदेशात शिकून १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना जागा सोडावी लागली. त्यामुळे नाव लपवणे म्हणजे चळवळीशी द्रोह, असले भाषण मी तुम्हाला देणार नाही. लपवलेल्या नावाने मिळालेली जागा किती दिवस पुरते, तेवढे मात्र या प्रसंगातून बघून घ्या.

आता व्यवहाराचे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. अॅट्रॉसिटीच्या कायद्यापुढे तो सगळे विसरून गेले आहेत, पोलीसही. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहायची जागा बांधणे, घेणे किंवा तिथे राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा धरला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येईल, पण कैद आहे हे विसरू नका. त्याहून कामाचे कलम १२ आहे. ज्याच्या बाबतीत गुन्हा घडला तो अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे.

अडचण अशी की घरमालक ‘जात’ हा शब्द उच्चारतच नाही. तो ‘आम्हाला व्हेज फॅमिली हवी’ म्हणतो, ‘मुलाचे लग्न ठरलेय, घर लागणार आहे’ म्हणतो. म्हणून बोलणे फोनवर ठेवू नका, मेसेजवर आणा. ‘काल सकाळपर्यंत घर रिकामे होते, मी नाव पाठवल्यावर नाही म्हणालात, कारण कळवावे’, इतके लिहा. उत्तर आले नाही तरी तारीख-वेळेसह तुमचा मेसेज शिल्लक राहतो. मग वेगळ्या आडनावाच्या एखाद्या मित्राला त्याच घराची चौकशी करायला सांगा, तीही मेसेजवरच. त्याला ‘या, बघून जा’ असे उत्तर आले तर तुमच्या हातात निदान काहीतरी आहे. ‘कांबळे म्हणजे कोणते?’ हा मेसेज तर जपून ठेवाच. त्या एजंटाला हेही कळवा की कांबळे बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत, चर्मकारांतही आहेत. बसू दे त्याला ओळखत.

आडनाव बदलायचेच ठरले तर रीतसर राजपत्रात जाहिरात देऊन बदला आणि मूल शाळेत घालायच्या आधी बदला. अर्धे कागद एका नावाने आणि अर्धे दुसऱ्या नावाने झाले की काय होते, ते पुढच्या पत्रातल्या गृहस्थांच्या रांगेत उभे राहिल्यावर कळेल. फोटो मात्र आहे तिथेच राहू द्या. भाडे तुम्ही भरणार आहात, आणि भिंतीवर कोण असावे याचे कलम मी अजून कुठल्या भाडेकरारात वाचलेले नाही.

प्रश्न : ताई, मुलगी बारावी सायन्सला आहे. व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, काढायची आहे. तिच्या आणि माझ्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आहे. माझे वडील शाळेत गेलेच नाहीत. त्यांच्या चुलतभावाच्या शाळेच्या नोंदीत १९४८ साली ‘म्हार’ लिहिले आहे. शेजारी म्हणतात, ‘बौद्ध’ लिहून तुम्ही स्वतःच स्वतःचे नुकसान केले. आमचे मूळ गाव हिंगोलीकडचे, मी कामानिमित्त संभाजीनगरला एमआयडीसीत आहे. एक एजंट ‘करून देतो’ म्हणतोय, पण पैसे फार मागतो. — एक वडील

उत्तर : आधी त्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावा.

‘बौद्ध’ लिहिले म्हणून नुकसान होत नाही. तुमच्या शेजाऱ्यांची भीती मात्र अगदीच हवेतली नाही, तिला इतिहास आहे. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० रोजी. त्यात अट होती की हिंदू असेल तरच अनुसूचित जातीचा. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झाले, आणि बौद्ध झालेले लोक केंद्राच्या यादीबाहेर राहिले ते १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती आधीच सुरू केल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करताना चौतीस वर्षे लोकांची कुचंबणा झाली. एका घरात थोरला ‘हिंदू-महार’ आणि धाकटा ‘बौद्ध’ असे दाखले मी कितीतरी पाहिलेत. मास्तरांनी जे लिहिले ते लागले.

आज प्रश्न धर्माचा नाही. धर्मांतरापूर्वीची मूळ जात दाखवावी लागते, आणि तीही १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या कागदावर. हीच तारीख लक्षात ठेवा. भटक्या-विमुक्तांची तारीख वेगळी, ओबीसींची वेगळी. खिडकीवर माणसे त्या एकमेकांत मिसळतात आणि परत जातात.

तुमच्या वडिलांच्या पिढीत फारसे कुणी शाळेत गेले नाही, ही बहुतेकांची स्थिती. शाळेत घेतलेच नाही तर शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टराचा उतारा येणार कुठून? गावाला आपली जात तोंडपाठ होती, पाणवठ्यावर आणि मसणवट्यात ती कधी चुकली नाही. ती सिद्ध करायची वेळ आली की मात्र पुरावा आपण आणायचा. राग येतो. यायलाच हवा. पण रागाला पोच मिळत नाही, अर्जाला मिळते. तर असे करा.

तुमच्या वडिलांच्या चुलतभावाची, म्हणजे मुलीच्या चुलत आजोबांची, १९४८ ची नोंद सोन्यासारखी आहे. त्या शाळेतून मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा काढा. रजिस्टरात ‘म्हार’ असेल तर उताऱ्यावरही ‘म्हार’च येऊ द्या. नीट दिसावे म्हणून कुणी ‘महार’ करून देतो म्हणाले तर हात जोडा. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर बघते आणि वेगळी शाई त्यांना लगेच दिसते. खाडाखोड झालेली खरी नोंदही खोटी ठरते. मग चुलत आजोबांपासून तुमच्या मुलीपर्यंत वंशावळीचे शपथपत्र करा. त्यातली नावे प्रत्येक कागदावर जुळली पाहिजेत. एकीकडे ‘सखाराम’ आणि दुसरीकडे ‘सखा’ असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्रात लिहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर ती प्रत सगळ्यात वर लावा. पुतणे, चुलतभाऊ, सगळ्यांना फोन करा. पाचपन्नास रुपयांच्या झेरॉक्समध्ये कधी कधी वर्षाचे काम होते.

आणखी पुरावा हवा असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूची नोंदवही बघायला मागा. गाव नमुना १४, जुनी माणसे त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात नावापुढे जात लिहायची पद्धत होती. तुमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून कागद उर्दूत किंवा मोडीत निघाला तर घाबरू नका. अनुवाद करून मिळतो, फक्त अनुवादक अधिकृत असावा. आणखी एक, १९५० साली हिंगोली जिल्हाच नव्हता. तो १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. जुने काही हिंगोलीत सापडले नाही तर परभणी गाठा.

संभाजीनगरला राहता म्हणून तिथे अर्ज करू नका. १९५० साली तुमचे घराणे जिथे राहत होते तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून आधी जातीचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग त्याच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जायचे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे, नमुना ७. चुकून दुसऱ्या नमुन्यात निघाले तर पुन्हा फेरी. कॉलेजमार्फत अर्ज आत्ताच टाका, निकालाची वाट बघू नका. जून-जुलैत त्या कार्यालयाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक कागद देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ‘साहेब ओळखीचे आहेत, पोच कशाला’ असे वाटेल, पण साहेबांची बदली होते.

प्रश्न : बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिले होते. तुम्ही लोक ते अजून किती वर्षे घेणार? — एक जागरूक नागरिक

उत्तर : जागरूक आहात तर संविधानाचे कलम ३३४ उघडा. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना. ती दर दहा वर्षांनी संसद वाढवते. सध्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला संविधानात मुदतच नाही. ‘तुम्ही लोक’ याबद्दल म्हणाल, तर २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांच्या नावाने खुल्या प्रवर्गालाही दहा टक्के आहे. त्याची मुदत विचारणारे पत्र मला अजून आलेले नाही.

प्रश्न : मॅडम, मी मातंग समाजातला शिक्षक आहे. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली, पण तुमच्या समाजातले पुढारी त्याला ‘फूट पाडण्याचा डाव’ म्हणतात. आमच्या वस्तीत आजही पदवीधर हाताच्या बोटावर मोजावे लागतात. तुम्ही स्वतः बौद्ध आहात म्हणून मुद्दाम विचारतो. खरे काय वाटते? — एक शिक्षक, लातूरकडील

उत्तर : गुरुजी, मुद्दाम विचारलेत ते बरे केलेत. माझे उत्तर माझ्या घरातल्या सगळ्यांना आवडणारे नाही.

निकाल लागला १ ऑगस्ट २०२४ ला. अण्णाभाऊंची जयंती त्याच दिवशी असते, म्हणून तुमच्याकडे त्या संध्याकाळी हलगीचा आवाज जरा जास्तच चढला असेल. सात न्यायाधीशांपैकी सहांनी सांगितले की राज्याला अनुसूचित जातींमध्ये पोटगट करता येतात. २००४ चा उलटा निकाल त्यांनी बाजूला सारला. मात्र अट आहे. कोण किती मागे आहे हे आकडेवारीने दाखवावे लागेल, आणि सगळ्या जागा एकाच जातीला देऊन बाकीच्यांना वगळता येणार नाही.

महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण तेरा टक्के. त्या तेरा टक्क्यांत आमचे लोक जास्त दिसतात, हे मी कचेरीत बसून डोळ्यांनी पाहिले आहे. नाकारण्यात अर्थ नाही. कारणेही समजून घेतली पाहिजेत. महारांना गावकीची कामे होती, वेसकरकी होती, पण हातात एकच एक बांधून ठेवणारा धंदा नव्हता. पलटणीत, रेल्वेत, गिरण्यांत, गोदीत जायची वाट त्यांना आधी सापडली. मग बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली, मेलेले ढोर ओढणे सोडायला सांगितले आणि लोकांनी ती सोडली. औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय निघाले. माझे मामा तिथे शिकले, आणि मी आज हे सदर लिहिते त्यात त्यांचा वाटा आहे. तुमच्याकडे दोर वळणे, केरसुण्या, वाजंत्री ही कामे गावाला बांधलेली होती. गाव सोडले तर पोट सुटत होते. ही कुणाची हुशारी नाही आणि कुणाचा आळसही नाही. आमच्यातले काहीजण ‘तुम्ही बाबासाहेबांच्या मागे आला नाहीत म्हणून मागे राहिलात’ असे ऐकवतात, ते मला असह्य होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात १९७८ साली जीव गमावलेले पोचिराम कांबळे मातंग होते. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागावे म्हणून ते गेले, ते लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या कमानीखालून जाताना कुणी कुणाची पोटजात विचारू नये.

तर माझे मत असे की वाटा वेगळा व्हायला हरकत नाही. तुमच्या वस्तीतल्या पोरीला माझ्या भाचीशी स्पर्धा करायला लावणे न्यायाचे नाही. माझ्या भाचीची आई प्राध्यापक आहे. फूट पडेल या भीतीने मागच्याला मागेच ठेवायचे, तर ते सवर्णांकडून आपण ऐकत आलो तेच झाले. पण माझे दोन हट्ट आहेत. आधी आकडे बाहेर येऊ द्यात, जातनिहाय आणि खात्यानिहाय. कोणत्या जातीचे किती शिपाई, किती लिपिक, किती वर्ग एक, हे राज्याने छापावे. अंदाजाने वाटण्या केल्या तर कोर्टात टिकणार नाहीत आणि मने मात्र फुटतील. दुसरे, तेरा टक्क्यांच्या भांड्यात मुळात पडते किती ते बघा. रिकाम्या राहिलेल्या राखीव जागांचा अनुशेष भरला जात नाही. सफाई, सुरक्षा, डेटा एंट्री, सगळे ठेकेदाराकडे गेले आणि ठेकेदाराला बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, लागत नाही. माझ्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या कचेरीत नवी टेबले आली, त्यावर बसणारी पोरे मात्र कंत्राटी होती. तुम्ही आणि मी वाटणीवर भांडत असताना मूळ रक्कम आटते आहे. त्या प्रश्नावर मोर्चा निघाला तर मी तुमच्या बाजूने चालेन, गुडघे दुखतात तरी.

प्रश्न : ताई, आम्ही मराठा, नगर जिल्ह्यात शेती आहे. थोरली मुलगी पुण्यात नर्स आहे. तिने बँकेत नोकरी करणारा बौद्ध मुलगा पसंत केला आहे. मुलगा दोनदा घरी येऊन गेला, निर्व्यसनी आहे, शांत आहे. आमच्या घरात कुणी जात मानत नाही. पण भावकी काय म्हणेल आणि धाकटीचे लग्न कसे जमेल, या विचाराने झोप लागत नाही. मुलीची आई जेवत नाही. काय सल्ला द्याल? — एक बाप

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात मुलाबद्दलची चार वाक्ये आहेत आणि चारही चांगली. बाकी सगळे भावकीबद्दल आहे. म्हणजे जावई तुम्हाला पसंत आहे, भीती भावकीची आहे. तसे स्वतःशी एकदा कबूल करा. ‘जात मानत नाही’ हे वाक्य मात्र थोडे दिवस बाजूला ठेवा, ते या वेळी उपयोगी पडत नाही.

मुलगी सज्ञान आहे, ती लग्न करणारच. ते तुमच्या अंगणात होते की तुम्हाला फोनवर कळते, एवढेच तुमच्या हातात आहे. भावकी चार महिने बोलेल. मग कुणाच्या तरी बांधाचे भांडण निघेल आणि तुमचा विषय मागे पडेल. कुणी वाळीत टाकायची भाषा केली, लग्नाकार्याला बोलावणे बंद केले, जातपंचायत बसवून दंड मागितला, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे एखाद्या वडीलधाऱ्याच्या कानावर सहज घालून ठेवा. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. धाकटीचे म्हणाल, तर बहिणीच्या नवऱ्याची जात बघून जो पाहुणा माघारी फिरतो तो पुढे तिला सुखाने नांदवील याची तुम्हाला खात्री आहे का? मला नाही.

आता कागदाचे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे त्या कायद्याने लग्न होऊ शकते. फक्त त्यात विधी व्हावा लागतो, नुसत्या नोंदणीने भागत नाही. विधी कोणता यावरून दोन्ही घरांत ओढाताण होणार असेल तर सत्यशोधक पद्धतीचा विचार करा. जोतीरावांनी १८७३ साली असे पहिले लग्न लावले, भटजीशिवाय आणि कमी खर्चात. विशेष विवाह कायद्याने करायचे असेल तर नोटीस दिल्यापासून तीस दिवस थांबावे लागते आणि ती नोटीस कार्यालयात लावतात. म्हणून भावकीला ती भिंतीवर वाचायला मिळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. लग्नानंतर आंतरजातीय विवाहाचे पन्नास हजारांचे अर्थसाहाय्य जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून मिळते. मुलामुलीचे शाळेचे दाखले, मुलाचे जातीचे प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि दोघांचे जोडखाते तयार ठेवा.

मुलीच्या आईला घेऊन एकदा त्या मुलाच्या घरी जा. आधी कळवून जा, नाहीतर त्या माऊलीची धांदल उडेल. वाढले ते जेवा. निघताना ‘आमचा उपवास आहे’ वगैरे सांगू नका, असले उपवास आम्हाला लगेच ओळखू येतात.

नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. एक सही तुमची असू द्या. आधारकार्डाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स बरोबर न्या.